घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

घोरण्यावरच्या घरगुती उपायांचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, पण त्यात घोरण्यामागे असू शकणाऱ्या स्लीप ॲप्निया या आजाराचं नावसुद्धा नाही याचं वाईट वाटलं. यात झोपेत श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबतो, तासाला ३० वेळा झालं तर आजार तीव्र धरतात, अशा वेळी रक्तातला ऑक्सिजन घसरतो आणि मेंदू दचकून जागा होतो, मग लक्ष, स्मरणशक्ती, स्वभाव सगळंच बिघडतं. माझे मिस्टर दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात ठेवायचे, ठाणे लोकलमध्ये उभ्याउभ्या डुलक्या काढायचे, आम्हाला वाटायचं वय झालं! स्लीप स्टडी, म्हणजे रात्रभर झोपेतला श्वास तपासणारी चाचणी केली, मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं सीपॅप मशीन आलं (ते १९८१ पासून आहे बरं), सुरुवातीला झोपेत मास्क काढून टाकायचे, मी उठून परत लावायचे. चार महिन्यांनी त्यांनी वाण्याची यादी तोंडपाठ सांगितली. मध-हळदीने हे होत नाही, कृपया तज्ज्ञ डॉक्टरांचा लेख छापा.

– एक वाचक, ऐरोली