वागळे इस्टेटमधल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

प्रबंध एकदाचा जमा झाला. आभाराच्या पानावर तुमच्या वाट्याला एकच ओळ आली. गाइड म्हणाले, पुरे तेवढं. मला ते पुरेना, म्हणून हे जाहीर पत्र.

माझा विषय रिअल-टाइम शेड्युलिंग. एकाच प्रोसेसरवर बरीच कामं चालू असताना प्रत्येक काम ठरल्या वेळेत होणारच, हे आधीच सिद्ध करायचं. लिऊ आणि लेलँड यांचा १९७३ चा हिशेब असा: कामं तीन असतील आणि सर्वांत वारंवार येणाऱ्याला आधी मान दिला, तर एकूण भार ७८ टक्क्यांच्या आत असला की निर्धास्त राहा. तुमच्या मसाला पाउच मशीनच्या कंट्रोल बोर्डाचा भार निघाला ८५, म्हणजे ती हमी गेली. मग प्रत्येक काम उशिरात उशिरा कधी संपेल ते काढणारं, जोसेफ आणि पंड्या यांचं १९८६ चं गणित घेतलं (दोघांचंही नातं आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेशी, हे व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मुद्दाम सांगणार आहे). पण त्यात घालायला प्रत्येक कामाला लागणारा जास्तीत जास्त वेळ हवा, आणि तो कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

मी कामांना लागणाऱ्या वेळेची सरासरी दाखवली तेव्हा तुम्ही म्हणालात, "सरासरी गिऱ्हाइकाला दाखवू का? सगळ्यात वाईट किती, ते सांग." फिल्म सेकंदाला २०० मिलिमीटर धावते, कटरला ५ मिलिसेकंद उशीर झाला की काप १ मिलिमीटर सरकतो. तो वाईट वेळ कुठे सापडेल, हेही तुम्हीच दाखवलंत. ऑपरेटर चालू मशीनवर कीपॅडने पाउचची लांबी बदलतो तेव्हा. हीटरचा कॉन्टॅक्टर (विजेचा मोठा स्विच) उचलतो-पडतो आणि सेन्सरच्या वायरीतून खोटे इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारे इशारे) घुसतात तेव्हा. आमच्या लॅबच्या टेबलावर ना हीटर, ना घाईतला ऑपरेटर. तिथे सगळंच वेळेवर होतं!

बोर्डाची एक रिकामी पिन काम सुरू झालं की वर, संपलं की खाली, आणि तिच्यावर ते वर-खाली वेळेसकट नोंदवणारा लॉजिक अ‍ॅनलायझर. एवढंच तर लावायचं होतं. पण ऑर्डर अंगावर असताना मशीनला हात लावू देणारे तुम्हीच. बाकी ठिकाणी गेटच्या आत जाता आलं नाही. फुकट गेलेल्या फिल्मचे पैसेही तुम्ही घेतले नाहीत.

व्हायवा सगळ्यांना खुला असतो. नक्की या. आकडे कुठून आणले असं परीक्षकांनी विचारलं, तर मी तुमच्याकडेच बोट दाखवणार आहे.

तुमची,
कळव्याची 'वायरवाली'