रायटर फेकायच्या आधी तपासणाऱ्या सीताबर्डीच्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

आमचा डीव्हीडी रायटर, म्हणजे कॉम्प्युटरमधला डिस्क लिहिणारा ड्राइव्ह, तुमच्या दुरुस्तीच्या टेबलावरून परत आल्यापासून बिनतक्रार चालतो आहे. त्याबद्दल आभार आहेतच, पण त्याहून जास्त आभार तुमच्या तपासणीच्या पद्धतीचे. "रायटर गेला, नवीन घ्या" हा सल्ला कुठेही मिळतो. तुम्ही आधी विचारलंत, कोणती डिस्क नापास होते, कुठपर्यंत जाऊन थांबते आणि एरर नेमकी काय येते? लग्नाचे व्हिडिओ देणारे स्टुडिओ, सीटी-एमआरआयची सीडी देणारी केंद्रं, पुरावा म्हणून चित्रफीत जोडणारे वकील, या सगळ्यांना अजून रायटर लागतो. त्यांच्याही कामी यावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

लक्षण असं होतं की सगळ्या डिस्क वाचल्या जात, सीडी व्यवस्थित लिहिली जाई, डीव्हीडी मात्र कधी होई, कधी नाही. एवढ्यावरूनच तुम्ही अर्धे संशयित बाजूला केलेत. सीडीचा लेसर ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, दोन्हींचे डायोड वेगळे. त्यामुळे एक चालतो म्हणून दुसरा ठीक आहे असं धरता येत नाही. उलट ड्राइव्ह कॉम्प्युटरला दिसतो आणि सीडी लिहितो, म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीतल्या (सेटिंग्ज साठवण्याच्या जागेतल्या) अप्परफिल्टर्स-लोअरफिल्टर्स नावाच्या नोंदी पुसत बसायचं कारण नाही. तो उपाय ड्राइव्ह गायब होऊन डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण दिसते तेव्हाचा.

मग इमग-बर्न या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरचा लॉग, म्हणजे कामाची नोंद. त्यात "पॉवर कॅलिब्रेशन एरिया एरर" होती. लिहिण्याआधी ड्राइव्ह डिस्कच्या आतल्या कडेला लेसरची ताकद कमी-जास्त करून चाचणी घेतो, आणि योग्य ताकद सापडली नाही तर तिथेच थांबतो. याची कारणं मुख्यतः तीन: डिस्क न जुळणं, लेन्स मळणं, किंवा लेसर म्हातारा होणं अथवा त्याला पुरेसा वीजपुरवठा न मिळणं. तपासायचं याच क्रमाने, कारण पहिल्याला खर्च जवळजवळ नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

डिस्कबाबत तुमचं म्हणणं सगळ्यांनी ऐकावं. डब्यावरच्या नावाला फारसा अर्थ नाही, डिस्कच्या आतला मीडिया कोड, म्हणजे ती कोणी बनवली हे सांगणारी खूण, पाहायचा. एकाच ब्रँडच्या दोन डब्यांत वेगवेगळ्या कारखान्यांचा माल असू शकतो. ड्राइव्हचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) त्या कोडवरूनच लेसरचे ठोके कसे द्यायचे ते ठरवतं आणि कोड ओळखीचा नसेल तर अंदाजाने लिहितं. डिस्क बनवणारी मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली, त्यामुळे त्या नावाचा डबा आज मिळाला तर तो किती जुना आहे आणि कुठे पडून होता हे आधी विचारावं. १६एक्स वेगाची डिस्क ८एक्स वेगावर लिहावी. अगदी कमी वेग म्हणजे उत्तम दर्जा हा समज खरा नाही, आजची डिस्क त्या वेगासाठी बनवलेलीच नसते.

लेन्सचं काम नाजूक. उन्हाळ्यात कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर येते, आत आधीच धूळ असते आणि लेन्सवर चिकट थर बसतो. डीव्हीडीचा प्रकाशबिंदू सीडीपेक्षा लहान असल्याने त्याचा फटका तिला आधी बसतो. कापसाच्या काडीवर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलसर होईल इतकंच, आणि हलक्या हाताने एक-दोन फेरे. लेन्स प्लास्टिकची आणि बारीक तारांवर तरंगती, दाबली की संपली. अ‍ॅसिटोन अजिबात नको.

लेन्स पुसल्यावर सुधारणा झाली, पण पूर्ण नाही. इथे बहुतेक जण ड्राइव्ह मोडीत काढतात. तुम्ही मल्टिमीटर काढलात, आणि तेही ड्राइव्ह रिकामा असताना नव्हे, डिस्क लिहिली जात असताना. लाल तारेवर ५ व्होल्ट हवेत, ५ टक्क्यांची सूट धरली तरी ४.७५ च्या खाली जाऊ नये. पिवळीवर १२, किमान ११.४. ड्राइव्हच्या टोकाला लाल तार ४.६ वर उतरत होती आणि एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याच्या, तोंडाशी मात्र बरोबर ५ होते. म्हणजे एसएमपीएस निर्दोष आणि मधली मोलेक्स-ते-साटा जोडतार (जुन्या प्रकारचा वीजजोड नव्या प्रकारात बदलणारी) दोषी. तिची एक पिन सैल होती. वाचताना लेसरला थोडीच वीज लागते, म्हणून वाचन बिघडत नव्हतं. लिहिताना मागणी वाढली की सैल सांध्यात व्होल्टेज पडायचं. कधी चालतो, कधी नाही, याचं उत्तर इतकंच होतं. जोडतार काढून एसएमपीएसची साटा तार थेट लावली आणि लिखाण सुरळीत झालं.

लेसरजवळचा छोटा स्क्रू फिरवून ताकद वाढवून देणारे असतात. तुम्ही त्याला साफ नकार देता याचं आम्हाला फार मोल वाटतं. त्याने चार डिस्क लिहून होतात आणि डायोड कायमचा जळतो.

तुमची एक सूचना आम्ही आता न चुकता पाळतो. लिहिलेली डिस्क त्याच रायटरवर न तपासता दुसऱ्या ड्राइव्हवर तपासायची, कारण रायटरला स्वतःचं वाकडं अक्षरही वाचता येतं. आणि एप्रिल-मे मध्ये डिस्कचा डबा खिडकीपाशी किंवा गाडीत ठेवायचा नाही. लिहायच्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर ऊन आणि उष्णतेने उतरतो, आणि आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. महत्त्वाच्या कामाची एक प्रत हार्ड डिस्कवर हवीच, हेही तुम्हीच सांगितलंत.

इतकं समजावून सांगण्याचे तुम्ही वेगळे पैसे लावले नाहीत. मनापासून आभार, भाऊ.

आपले,
नागपूरचे काही डिस्कवाले