डेटा सेंटरची केबल अंतर बघून निवडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात हल्ली नवी मुंबईतल्या डेटा सेंटरच्या बातम्या सारख्या येतात, ऐरोली, रबाळे, महापे पट्ट्यात किती मेगावॉट, किती कोटी, वीज कुठून आणणार, पाणी किती लागणार, हे सगळं छापून येतं आणि ते यायलाच हवं. पण त्या इमारतींच्या आत एका रॅकमधून (सर्व्हर बसवायचं कपाट) दुसऱ्या रॅकमध्ये डेटा ज्या केबलवरून जातो तिच्याबद्दल एक ओळ कुठे वाचायला मिळत नाही. मी केबलिंगच्याच धंद्यात आहे. मोठ्या कंपन्यांची मला काळजी नाही, त्यांच्याकडे डिझाइन करणारी माणसं असतात. जीव तुटतो तो नागरी बँका, पतसंस्था, युनिव्हर्सिट्या, हॉस्पिटलं, नगरपालिका यांच्यासाठी. त्यांनाही आता १० जी (म्हणजे सेकंदाला १० गिगाबिट, मोबाइलचं ५जी वेगळं), २५ जी, कुठेकुठे १०० जी लागायला लागलंय, पण टेंडर मात्र कुठल्यातरी जुन्या बीओक्यूवरून (कामाच्या मालाची यादी) उचललेलं असतं, त्यात "कॅट ६ केबल, चांगल्या कंपनीची" एवढंच लिहिलेलं (कॅट म्हणजे तांब्याच्या नेटवर्क केबलची प्रतवारी), आणि एल वन, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणारा, येईल त्याला काम.

अशाच एका संस्थेत (नाव लिहीत नाही) नवीन स्टोरेज घेतलं, स्विच (नेटवर्कच्या केबली एकमेकींना जोडणारी पेटी) १० जीचे घेतले, सगळं भारी, आणि सर्व्हर रूमपासून दुसऱ्या मजल्यावरच्या रॅकपर्यंत केबल तीच कॅट ६, मोजली तर ७० मीटरच्या वर निघाली. आता कॅट ६ वर १० जी फार तर ५५ मीटरपर्यंत चालतं, तेही केबलचे जुडगे एकमेकांना घट्ट बांधलेले नसतील तर, कारण शेजारच्या केबलचा सिग्नल हिच्यात घुसतो. त्यामुळे लिंक कधी १० जीला लागायची, कधी आपोआप १ जीवर यायची, आणि रात्री सुरू केलेला बॅकअप सकाळी बँक उघडायची वेळ झाली तरी संपलेला नसायचा. स्विचवाल्याला शिव्या, स्टोरेजवाल्याला शिव्या, केबलकडे कुणी बघायलाच तयार नाही. ती सीलिंगच्या वर असते ना!

खरं तर ही निवड एवढी अवघड नाही. पहिला प्रश्न अंतराचा विचारायचा, मग स्पीडचा, आणि मग पुढच्या पंधरा वर्षांचा. स्विच आणि सर्व्हर पाच-सात वर्षांत बदलतात, केबल मात्र भिंतीत आणि ट्रेमध्ये तशीच राहते, तिच्यावरून दोन-तीन पिढ्यांचे स्विच चालवावे लागतात.

एकाच रॅकमध्ये सर्व्हरपासून वरच्या स्विचपर्यंत जायचं असेल तर डॅक केबल घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना मॉड्यूल (स्विचच्या पोर्टमध्ये खोचायचा तुकडा) बसवूनच येणारी तांब्याची जाड केबल. स्वस्त असते, आणि वीज जवळजवळ खातच नाही, उलट आरजे ४५ वर (नेहमीच्या नेटवर्क केबलचा प्लग) १० जी चालवायला प्रत्येक पोर्टला काही वॉट लागतात, ४८ पोर्टचा स्विच धरला तर ती सगळी उष्णता एसीनेच बाहेर काढायची आहे. डॅकची मर्यादा लांबीची. १० जीला ७ मीटरपर्यंत मिळते, २५ जीला ३ ते ५, आणि आता तारांच्या एका जोडीवर १०० जी चालवणारे नवे स्विच आलेत तिथे साधी डॅक २ मीटरच्या आसपासच थांबते. म्हणजे स्पीड वाढला की तांबं आखूड होत जातं, हे एवढं लक्षात ठेवलं तरी बरेच गोंधळ टळतील.

कॅट ६ए अजूनही लागते. मॅनेजमेंट पोर्ट, कॅमेरे, दरवाज्याचे ॲक्सेस कंट्रोल, जुने सर्व्हर, यांना १०० मीटरपर्यंत १० जी देणारी ही केबल आहे आणि तिचं स्टँडर्डही पक्कं आहे. फक्त ती कॅट ६ पेक्षा जाड असते, जुन्या पाइपात कोंबायला जाऊ नका, पाइप ४० टक्क्यांच्या वर भरायचा नसतो. कॅट ८ बद्दल मात्र फार विचारणा होते. आकडा मोठा म्हणून केबल चांगली असं धरून कॅट ८ मागतात. ती २५ आणि ४० जीसाठी आहे, फक्त ३० मीटरपर्यंत, आणि तिच्यावर तो स्पीड देणारे आरजे ४५ चे स्विच बाजारात जवळजवळ दिसतच नाहीत, सगळं जग त्या स्पीडला फायबर नाहीतर डॅक वापरतं. तो पैसा फायबरला लावा.

आता फायबर, आणि इथेच माझं खरं सांगणं आहे. आपल्याकडे डोळे झाकून मल्टिमोड टाकतात, म्हणजे आत प्रकाशाची वाट रुंद असलेली, जवळच्या अंतराची फायबर, ती निळसर हिरवी ओएम३ किंवा ओएम४, कारण तिचे मॉड्यूल स्वस्त असतात. १० जीला ओएम३ वर ३०० मीटर मिळायचे, ओएम४ वर ४००, तेव्हा ते बरोबरच होतं. पण १०० जीचं मल्टिमोडवर चालणारं एसआर४ मॉड्यूल घेतलं की ओएम३ वर ७० मीटर आणि ओएम४ वर १०० मीटर एवढंच उरतं. ओएम५ घेऊन हे सुटेल असं कुणी सांगितलं तर नीट विचारा, कारण ती एका फायबरवर दोन ते चार वेगवेगळ्या तरंगलांबी चालवणाऱ्या मॉड्यूलसाठी आहे, साध्या एसआर४ ला तिचा काही फायदा नाही. त्याउलट पिवळी सिंगल मोड, ओएस२, जिच्यात प्रकाशाची वाट अगदी बारीक असते, हिच्यावर १०० जी सहज ५०० मीटर, २ किलोमीटर, १० किलोमीटर जातं, मॉड्यूल बदलायचं फक्त, आणि उद्या ४०० जी, ८०० जी आलं तरी केबल तीच. सिंगल मोडचे मॉड्यूल पूर्वी फार महाग होते, आता फरक बराच कमी झालाय. म्हणून रॅकच्या बाहेर, रूम ते रूम, मजला ते मजला, बिल्डिंग ते बिल्डिंग, जे काही नवीन ओढाल ते सिंगल मोड ओढा आणि आज लागतात त्याच्या दुप्पट कोअर (म्हणजे काचेचे तंतू) ओढा. ओढायची मजुरी एकदाच लागते. आणि फायबर काही परदेशातूनच आणायला पाहिजे असंही नाही, आपल्या संभाजीनगरजवळ वाळूज आणि शेंद्र्याला स्टरलाइट कंपनी काचेपासून फायबर बनवते.

एक गोष्ट फार चीड आणणारी आहे ती सीसीए केबलची. म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. बॉक्सवर कॅट ६ छापलेलं असतं पण ती कुठल्याच स्टँडर्डमध्ये बसत नाही. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, त्यामुळे कॅमेऱ्याला केबलमधूनच वीज दिली की ती तापते, आणि वाकवली, पंचिंग केलं (सॉकेटमध्ये दाबून बसवली) की तार तुटते. ३०५ मीटरचा बॉक्स उचलून बघा, हलका लागला की शंका घ्या, तारेचं टोक ब्लेडने खरवडा, आत पांढरं दिसलं तर बॉक्स परत करा. पब्लिकच्या पैशातून चाललेल्या कामात हा माल येतो आणि वर सही करणाऱ्याला ते कळतही नाही, याचं फार वाईट वाटतं.

आणि टेस्टिंग. सिंगल मोडच्या तंतूतला प्रकाश जाणारा गाभा साधारण ९ मायक्रॉनचा असतो, बोटाचा नुसता तेलकट डाग लागला तरी लिंक बिघडते, तरी पोरं कनेक्टर शर्टाला पुसून लावतात. कनेक्टर आधी स्कोपखाली (छोट्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघायचा, साफ करायचा, मगच लावायचा. एमपीओ कनेक्टर (एकाच टोकात अनेक तंतू असलेला) असेल तर पोलॅरिटी कुठली, म्हणजे इकडचा तंतू पलीकडे कुठे जातो, पिन असलेला की नसलेला, टोक सपाट की तिरकं कापलेलं, हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या, नाहीतर माल येतो आणि जुळतच नाही. नवी मुंबईत तर बाहेरून येणारी फायबर आर्मर्डच (वरून धातूचं कवच असलेली) पाहिजे, उंदीर काही सोडत नाहीत, आणि दोन लाइन घेतल्या असतील तर त्या दोन वेगळ्या रस्त्यांनी येतात का ते विचारा, एकाच चरातून आल्या तर जेसीबी एका फटक्यात दोन्ही तोडतो.

माझी आपल्याला आणि आपल्या वाचकांमधल्या बँक संचालकांना, इंजिनियरांना, नगरसेवकांना एवढीच विनंती आहे की टेंडरमध्ये केबलची नुसती कॅटेगरी न लिहिता प्रत्येक लिंकची लांबी, लागणारा स्पीड, शुद्ध तांब्याची अट आणि फायबरचा प्रकार लिहा. सरकारच्या आयटी खात्याने किंवा सहकार खात्याने छोट्या संस्थांसाठी एक नमुना बीओक्यू मराठीतून काढावा, दोन-चार पानांचं काम आहे, आमच्या धंद्यातले कित्येकजण फुकट मदत करतील, मी तर नक्कीच. आणि प्रत्येक तांब्याच्या लिंकचा टेस्टरचा रिपोर्ट आणि प्रत्येक फायबरचा लॉस (वाटेत सिग्नल किती घटतो ते) दोन्ही बाजूंनी मोजलेला हातात आल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका, मग तो ठेकेदार मी का असेना.

आपला,
एक केबलिंग ठेकेदार
ऐरोली, नवी मुंबई