सिंहगडावरचा उंदीर

महोदय,

सिंहगडावर झुणका-भाकर खाऊन परतणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की या गडाचे जुने नाव एका उंदराला मिळाले आहे? कोंडाणा उंदीर, शास्त्रीय नाव मिलार्डिया कोंडाना. १९७५ साली मिश्रा आणि धांडा यांनी ही नवी जात म्हणून नोंदवली. आज तिची गणना संकटग्रस्त प्रजातींत होते.

वाघाची छबी कॅमेरा टिपतो. झुडपांतल्या उंदरांची जात मात्र फोटोवरून सहसा ठरत नाही. त्यासाठी जिवंत पकडणारे सापळे लावावे लागतात. दुमडता येणारी अ‍ॅल्युमिनियमची पेटी, आत आमिष आणि उबेला कापूस. आतल्या पट्टीवर पाय पडला की दार मिटते. पहाटे वजन, शेपटी, कान, मागचे पाऊल मोजून प्राण्याला जिथे पकडले तिथेच सोडायचे. यात घाई चालत नाही, पण उशीर तर मुळीच नाही. ऊन चढले की पत्र्याची पेटी तापते. चुकून शिरलेली चिचुंद्री तर काही तासांच्या उपासानेही दगावते. म्हणून रात्रीही सापळे तपासणे मला अत्यावश्यक वाटते.

असे सर्वेक्षण गडावर दरवर्षी, पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, वनविभागाच्या परवानगीने व्हावे. स्थानिक महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यात घ्यावे. तोवर पर्यटकांनी गडावर खरकटे टाकू नये. त्यावर घरउंदीर आणि भटकी कुत्री पोसली जातात.

– एक वाचक, धायरी, पुणे