यादीतल्या अकरा मुलींनाच ट्यूब देऊन खरूज जात नाही

प्रति,
मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी आश्रमशाळेच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होते. आता निवृत्त झाले, म्हणून मोकळेपणाने लिहिते. विषय खरजेचा आहे.

दिवसा वर्गात बसलेल्या मुलींकडे बघून खरूज लक्षात येत नाही. दिवे मालवले, पांघरुणात ऊब धरली की एका कोपऱ्यातून खाजवण्याचा आवाज सुरू होतो, मग शेजारून, मग सगळीकडून. पहिली काही वर्षं मी “गप झोपा गं” म्हणून ओरडायचे. मग एकदा आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने एका मुलीची बोटं फाकवून दाखवली. बेचक्यात बारीक पुळ्या, मनगटावर केसाएवढी वाकडी रेघ. सिस्टरने तिथे पेनातली शाई चोळली आणि ओल्या बोळ्याने पुसली. बाकीची गेली, रेघेतली राहिली. ते किड्याचं बीळ! मादी अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. कातडीच्या वरच्या थरात पोखरत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. बेचकी, मनगट, काख, कंबर, बेंबीभोवती अशा तिच्या ठरलेल्या जागा. गजकर्णासारखा गोल चट्टा उठत नाही. तरीही मुली सुट्टीत गेल्या की घरचे दुकानातून गजकर्णाचंच मलम आणतात. त्यात स्टेरॉइड असलं की चार दिवस खाज दबते, किडा मात्र तिथेच.

एका वर्षी मला खाजवणाऱ्या मुलींची यादी मागितली. अकरा नावं दिली, अकराच ट्यूबा आल्या. महिन्याभरात त्या अकरा जणी पुन्हा खाजवत होत्या आणि त्यांच्या शेजारणीही. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर ती मुलगी धडधाकट दिसते आणि एकाच ब्लँकेटमध्ये झोपून मैत्रिणींना खरूज देत राहते. यादीत तिचं नाव येणार कसं?

यादीच्या नमुन्यात ‘कारण’ असा रकाना होता. त्यात मी “वैयक्तिक स्वच्छतेचा अभाव” असं लिहिलं. पहाटे पाचला गार पाण्याने अंघोळ करणाऱ्या मुलींबद्दल! कातडीच्या आत बसलेला किडा साबणाने निघत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं असंही नाही. त्यानंतर मुली हात लपवायला लागल्या. त्यातल्या एकीच्या खाजवलेल्या पुळ्या पिकल्या, आणि काही आठवड्यांनी ती सकाळी सुजलेल्या तोंडाने उठली. लघवी लाल. पुळ्यांतल्या जंतूंमुळे मूत्रपिंडाला सूज येते, हे मला दवाखान्याच्या बाकावर बसून कळलं. ती बरी झाली.

महोदय, औषध नवं नाही. पर्मेथ्रिन मलम मानेपासून तळपायापर्यंत लावून किमान आठ तास ठेवायचं, आठवड्याने पुन्हा लावायचं. मागणी एवढीच, की ते एकाच रात्री सगळ्यांना लावलं जावं. खाजवणाऱ्या, न खाजवणाऱ्या, स्वयंपाकीण मावशी, अधीक्षिका, सगळ्यांना. त्याच दिवशी कपडे-चादरी गरम पाण्यात, आणि ब्लँकेटं धुणं जमत नसेल तर पिशवीत बांधून चार दिवस बाजूला. औषधानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहते, हे मुलींना आधी सांगावं. नाहीतर त्या रोज मलम फासत बसतात.

फिजीच्या बेटांवर गावंच्या गावं अशी एकदम घेतली होती, तीही आयव्हरमेक्टिनच्या गोळ्यांनी. वर्षभरात खरजेचं प्रमाण 32 टक्क्यांवरून 2 टक्क्यांखाली आलं. 2015 साली ते प्रसिद्धही झालं. 15 किलोखालच्या मुलांना ती गोळी देत नाहीत, तेव्हा आपल्याकडे मलम की गोळी हे डॉक्टरांनी ठरवावं. सगळ्यांना एका दिवशी औषध देणं आपल्याला काही नवीन नाही. जंतनाशक दिनाला आम्ही अख्ख्या शाळेला गोळी देतोच की. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीतही त्वचारोग आहेत. पथक येतं, पण दिवसा, आणि मुली हात मागे बांधून उभ्या राहतात.

दिवाळीच्या सुट्टीहून मुली परतल्या की पहिल्या आठवड्यातच हे करता येईल. घरी धाकटी भावंडं एकाच गोधडीत झोपतात, म्हणून पुढच्या सुट्टीला जाताना घरच्यांपुरत्या ट्यूबाही सोबत द्याव्यात.

आणि त्या नमुन्यातला ‘कारण’ हा रकाना काढून टाकावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त अधीक्षिका