कळव्याच्या काकांना, अकरा कागदांबद्दल

ति. काकांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, "अगं, फोन करायचा ना." केला होता, दोनदा. दोन्ही वेळा "काका, थँक्यू" एवढंच बोलता आलं आणि पुढे गळा दाटून आला. म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण भाड्याचं घर शोधताना या चार महिन्यांत ज्यांनी आम्हाला दारातून परत पाठवलं त्यांच्यातल्या एखाद्याच्या तरी नजरेला हे पडावं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आम्हाला घर मिळवून देणारे एजंट तुम्हीच, तेव्हा तुम्हाला आमची हकिगत ठाऊक आहे, तरी थोडी सांगते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या इमारतीच्या स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट फेब्रुवारीत आला आणि पावसाळ्याआधी महापालिकेच्या यादीत तिचं नाव सी-1 मध्ये लागलं. सी-1 म्हणजे अतिधोकादायक. रिकामी करायची आणि पाडायची, दुरुस्तीचा प्रश्नच नाही. एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन बिऱ्हाडांत आम्ही अकरा माणसं. एक्याण्णव वर्षांची आजी, सासूबाई-सासरे, आत्या, दादा-वहिनी आणि त्यांची दोन मुलं, मी, माझे मिस्टर आणि आमची लेक. दोन्ही दारं दिवसभर उघडी. आमटी एका घरात आणि भात दुसऱ्या घरात व्हायचा. आजी लग्न होऊन आली ती याच इमारतीत. तिचं गाव म्हणजे नौपाडा आणि तलावपाळी, दुसरं कुठलं नाही.

आणि आम्हाला पहिला सल्ला काय मिळाला? "आजींना तूर्तास गावी ठेवा."

हे सांगणारे गृहस्थ गोखले रोडवरच्या एका एजंटच्या ऑफिसात बसले होते आणि आजी माझ्या शेजारच्या खुर्चीत होती. ती काही बोलली नाही. घरी येताना रिक्षात तिने माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. ते मी विसरणार नाही.

त्यानंतरचे सगळे इथे मोजत बसत नाही. एकाने सुचवलं, निम्मे कासारवडवलीला राहा, निम्मे कळव्याला, रविवारी भेटत जा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून रविवारी भेटत जा! एका घरमालकीणबाईंना घर द्यायचं होतं, पण आजीचं वय ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "म्हातारं माणूस नको, उद्या घरात काही झालं तर?" एका सोसायटीचे पदाधिकारी म्हणाले की माणशी जादा पैसे लावू. आणि एका एजंटने तर सरळ शिकवलं, "सहाच जण सांगा. बाकीचे हळूहळू येऊ देत. करार नोटरीवर करून टाकू, रजिस्ट्रेशनच्या भानगडीत कशाला पडता?" 'साडेसहाशे चौरस फूट' म्हणून दाखवलेल्या घरात माझ्या मिस्टरांनी टेप लावली तर आतली जागा सव्वाचारशेच्या आसपास भरली. 2017 मध्ये महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, आल्यापासून नवीन घर विकताना कार्पेटच, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागाच, सांगावी लागते, पण भाड्याच्या घराच्या बाबतीत अजून ज्याला जे वाटेल तो ते सांगतो.

मे महिना अर्धा संपला तेव्हा घरात वेगळीच कुजबुज सुरू झाली होती. दादा-वहिनी म्हणत होते आम्ही डोंबिवलीला बघतो, आत्या म्हणत होत्या मी मैत्रिणीकडे राहीन. कुणी कुणावर रागावलं नव्हतं. प्रत्येक जण आपण ओझं होऊ नये म्हणून बाजूला व्हायला निघाला होता, आणि तेच मला सगळ्यात जड गेलं.

तेव्हा सासऱ्यांच्या एका मित्राने तुमचा नंबर दिला. काका, तुमचा पहिला प्रश्न आठवतो? आतापर्यंत सगळ्यांनी "बजेट किती, माणसं किती" एवढंच विचारलं होतं. तुम्ही विचारलंत, "रात्री सगळे एकत्र जेवता का?" मी म्हटलं, हो, आमच्याकडे पंगतच बसते, फक्त आजीला खुर्ची लागते. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. मला वाटलं, झालं, हेही गेले.

पाचव्या दिवशी तुमचा फोन आला. कळवा पूर्व, पहिला मजला, जोडी फ्लॅट, दोन वन बीएचके आणि मधली भिंत फोडून केलेला दरवाजा. पूर्व म्हटल्यावर सासरे जरा कचरले, खारेगावच्या रेल्वे फाटकात अडकून पडण्याची त्यांना जुनी धास्ती. तुम्ही शांतपणे म्हणालात, "अण्णा, 2022 पासून तिथे वरून पूल आहे. आता खाडी ओलांडली की ठाणं." आणि वर एक अट घातलीत, "बघायला सगळे या. आजींना घेऊन या. आजींशिवाय मी दाखवणार नाही."

आता मला जे लिहायचं आहे ते हे. बाकी सगळं यासाठीच लिहिलं.

आम्ही अकरा जण दोन रिक्षा आणि दोन स्कूटरवर येऊन पोचलो. रिकामं घर, पंखे काढून नेलेले, खिडक्या उघड्या. तुम्ही बगलेत रद्दीचा गठ्ठा घेऊन उभे होतात. मला वाटलं, काहीतरी पुसायला आणलं असेल. तुम्ही चप्पल बाहेर काढलीत, हॉलमध्ये आलात, आणि एक एक पेपर उलगडून जमिनीवर अंथरायला लागलात. भिंतीला लागून पाच, समोर पाच, मधे वाढणाऱ्याला फिरायला जागा. खिडकीच्या वाऱ्याने कागद उडायला लागले तशी तुम्ही कोपऱ्यावर किल्ल्या ठेवल्यात, टेप ठेवलीत, खिशातला चष्म्याचा डबासुद्धा ठेवलात. मग आतून एक प्लास्टिकची खुर्ची आणलीत, स्वतःच्या रुमालाने पुसलीत, पंगतीच्या टोकाशी ठेवलीत, आणि अकरावा कागद नीट चार घड्या घालून तिच्यावर ठेवलात.

"बसा सगळे," तुम्ही म्हणालात. "मावतं का बघू."

आणि आम्ही बसलो, काका. सासूबाई-सासरे, आत्या, दोघे भाऊ, दोन सुना, तीन मुलं, सगळे रिकाम्या घरात वर्तमानपत्रांवर मांडी घालून. मांडीला मांडी लागत होती पण कुणी कुणावर चढत नव्हतं. आजी खुर्चीत बसली. तिने डावीकडून उजवीकडे प्रत्येकाकडे बघितलं, ओठांनी मोजलं, आणि म्हणाली, "मावतात." तुम्ही त्या वेळी खिडकीशी जाऊन बाहेर बघत उभे राहिलात. आम्हाला रडायला जागा दिलीत. ते माझ्या लक्षात आलं होतं, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

चार महिने आम्ही प्रत्येक दारात आमची संख्या दबक्या आवाजात सांगत होतो. अकरा माणसं असणं हा काही गुन्हा असल्यासारखं. तुम्ही प्रत्येकासाठी एक कागद अंथरलात.

कराराच्या वेळीही तसंच. घरमालकांना पहिल्या भेटीतच तुम्ही अकरा आकडा सांगितला होतात. आम्ही घाबरत विचारलं, नावं किती लिहायची? तुम्ही म्हणालात, "अकराही लिहा. भाड्याचं असलं म्हणून काय झालं, आपल्या घरात कुणी लपून राहायचं नाही." भाड्याच्या कराराची नोंदणी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे करावीच लागते, हे तुम्ही आम्हाला समजावून सांगितलंत, आणि सोसायटी माणशी काही लावू शकत नाही, जे काय ते घर भाड्याने दिल्याबद्दल घरमालकाकडून सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत, हे सेक्रेटरींशी तुम्हीच बोललात, आवाज न चढवता. दलाली तुम्ही एका महिन्याची घेतलीत आणि पावती दिलीत. ती देताना आम्हाला आनंद झाला. तुमच्या घामाचे पैसे आहेत ते, आणि तुमच्यासारख्यांचा धंदा चालायलाच हवा.

लोक म्हणतात माणुसकी राहिली नाही. मी स्वतः मे महिन्यात असंच म्हणत होते. पण ज्याला रोज पन्नास फोन येतात त्याने कोणा अनोळखी घराचं जेवण कसं होतं ते लक्षात ठेवावं, रद्दी गोळा करून आणावी, तिथे आपला चष्म्याचा डबा ठेवावा, हे कोणत्या नियमात बसतं? तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सामान उतरवणाऱ्या मुलांनी आजीचा लाकडी देव्हारा पाण्याचा ग्लास धरावा तसा धरून वर नेला, खालच्या मजल्यावरच्या ताईंनी पहिल्या दिवशी न विचारता दूध आणून दिलं. अशी माणसं आहेत. आम्हाला ती तुमच्यामुळे भेटली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस धरायच्या आत, आम्ही आलो. आजीला अजून रात्री उठल्यावर बाथरूम उलट्या बाजूला आहे असं वाटतं. सासरे सोमवारी ठाण्यातल्या कौपिनेश्वराच्या देवळात जातात, पूर्वी चालत जायचे, आता रिक्षाने जातात, पण जातात. मधला दरवाजा आम्ही बंद करत नाही. आमटी एका घरात, भात दुसऱ्या घरात.

येत्या रविवारी दुपारी काकूंना घेऊन जेवायला या. नाही म्हणू नका. आजीने अळूची पानं आणायला सांगितली आहेत आणि वड्या ती स्वतः करणार, म्हणजे वळणार आम्ही, पण पीठ तिच्या हातचं. तेरा पानं मावतात. मुलांनी काल संध्याकाळी हॉलमध्ये पेपर घालून बघितलं.

तुमची,
नौपाड्याची धाकटी सून, आता कळवेकर