चांद्रयानाला गोफणीची उपमा लागू पडत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या विज्ञान पानावर चांद्रयान-३ च्या प्रवासाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. विज्ञानाला एवढी जागा देणारी वर्तमानपत्रे थोडी आहेत, आणि आपले त्यांपैकी एक आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो. तरीही त्या लेखातल्या एका विधानाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. यानाने पृथ्वीभोवती फेऱ्या मारताना गुरुत्वाकर्षणाचा गोफणीसारखा उपयोग करून वेग वाढवत नेला आणि शेवटी ते पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या बाहेर पडून चंद्राकडे गेले, अशा अर्थाचे ते विधान आहे. २०२३ च्या जुलै-ऑगस्टपासून ही उपमा मी अनेक ठिकाणी वाचली आणि दूरचित्रवाणीवरही ऐकली. ती ऐकायला छान वाटते, पण तिच्यामुळे यंत्रशास्त्रातली अगदी पायाची गोष्ट, म्हणजे ऊर्जा येते कुठून, हीच उलटी समजली जाते.

मी मंगळवेढा तालुक्यात राहतो आणि तीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. तो रविवारचा अंक आल्यावर दुसऱ्याच दिवशी शेजारची दहावीतली मुलगी कात्रण आणि पाठ्यपुस्तक अशी दोन्ही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, पुस्तकात मुक्त पतन लिहिलंय आणि पेपरात गोफण. परीक्षेत काय लिहू?" दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागातला पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. वर्तुळाकार गती, अभिकेंद्री बल, मुक्त पतन आणि मुक्तिवेग हे सगळे त्यात आहे. पुस्तक आणि वर्तमानपत्र यांच्यात मुलांना निवड करावी लागू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

गोफण आमच्या भागात नवीन नाही. ज्वारी हुरड्यात आली की पाखरे राखायला मचाणावर उभे राहून मी स्वतः ती फिरवली आहे. एका दोरीचा फास बोटात अडकवलेला, दुसरीचे टोक नुसते चिमटीत धरलेले, आणि मधल्या विणलेल्या भागात खडा. दोरी खड्याला सतत हाताकडे ओढत असते आणि खडा मात्र त्या ओढीला काटकोन करून पुढे जात असतो. बल आणि विस्थापन एकमेकांना काटकोनात असतील तर कार्य शून्य, हे नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' या धड्यात आहे. म्हणजे हात जर वर्तुळाच्या मध्याशी अगदी स्थिर राहिला, तर दोरीने कितीही जोरात ओढले तरी खड्याचा वेग रतिभरही वाढणार नाही. तो वाढतो, कारण हात स्थिर नसतो. मनगट स्वतः एक छोटे वर्तुळ काढत असते आणि खड्याच्या थोडे पुढे राहते, त्यामुळे दोरीची ओढ नेमकी मध्याकडे न राहता किंचित पुढच्या दिशेला झुकते. तेवढा झुकलेला भाग कार्य करतो, आणि ती ऊर्जा राखणदाराच्या दंडातून येते. चिमटीतले टोक सुटले की खडा बाहेरच्या दिशेला उडत नाही, तर त्या क्षणी ज्या दिशेने चाललेला असतो त्या स्पर्शरेषेने सरळ जातो. सोडण्याची वेळ जरा चुकली की खडा पाखरांवर न जाता भलत्याच बांधावर जातो, हे ज्याने गोफण फिरवली आहे त्याला सांगावे लागत नाही.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाच्या बाबतीत पृथ्वी हा स्थिर हात आहे, आणि उपमा इथेच फसते. पृथ्वीची ओढ नेहमी तिच्या मध्याकडे असते. कक्षा वर्तुळाकार असेल तर ही ओढ काहीच कार्य करत नाही. कक्षा लंबगोल असेल तर यान जवळ येताना वेग वाढतो, कारण स्थितिज ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. दूर जाताना तितकाच वेग कमी होतो, कारण तीच ऊर्जा परत स्थितिज रूपात जमा होते. चांद्रयान-३ हे १४ जुलै २०२३ रोजी ज्या पहिल्या कक्षेत सोडले गेले, तिचे जवळचे टोक जमिनीपासून सुमारे १७० किलोमीटरवर आणि दूरचे सुमारे ३६,५०० किलोमीटरवर होते. ही अंतरे पृथ्वीच्या मध्यापासून मोजली तर दूरचे टोक जवळच्या टोकाच्या साधारण साडेसहापट लांब पडते. कोनीय संवेग, म्हणजे या दोन टोकांपाशी यानाचे वस्तुमान, वेग आणि मध्यापासूनचे अंतर यांचा गुणाकार, कायम राहत असल्यामुळे दूरच्या टोकाला वेग तितक्याच पटीने कमी असावा लागतो, आणि तो तसाच निघतो: जवळच्या टोकाला सेकंदाला सुमारे १०.३ किलोमीटर, दूरच्या टोकाला १.६ किलोमीटरच्या आसपास. इंजिन बंद ठेवून यानाने अशा शंभर फेऱ्या मारल्या असत्या, तरी प्रत्येक फेरीत ते जवळच्या टोकाला त्याच वेगाने आले असते. नुसत्या फेऱ्यांनी एकूण ऊर्जेत एका ज्यूलचीही भर पडत नाही.

मग दूरचे टोक ३६,५०० किलोमीटरवरून सव्वा लाख किलोमीटरच्या पुढे गेले ते कशामुळे? यानाचे स्वतःचे इंजिन पाच वेळा, त्यांपैकी चार वेळा पृथ्वीच्या जवळ असताना, मोजून काही मिनिटे चालवले गेले म्हणून. ते जवळच्याच टोकाला का चालवायचे, यात या मोहिमेचे खरे सौंदर्य आहे आणि नेमके तेच त्या उपमेखाली झाकले जाते. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. इंजिनाने दिलेला रेटा तोच आणि सेकंदही तेवढेच असले, तरी यान जर वेगात असेल तर त्या सेकंदांत ते जास्त अंतर कापते, म्हणून तोच रेटा जास्त कार्य करतो. यानाचा वेग सेकंदाला १०० मीटरने वाढवायचा आहे असे धरा. जवळच्या टोकाला तेवढ्यानेच प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे १० लाख ज्यूल ऊर्जा वाढते, तर दूरच्या टोकाला जेमतेम १.६ लाख. इंधन दोन्ही ठिकाणी सारखेच जळते, पण लाभात सहापटींहून अधिक फरक पडतो. ही जादा ऊर्जा पृथ्वीने दिलेली नाही. यानाबरोबर वेगाने धावणाऱ्या इंधनातही गतिज ऊर्जा होती. ते जळून मागे फेकले जाताना त्या ऊर्जेचा मोठा वाटा यानाला देऊन जाते.

एकदाच का नाही, पाच वेळा कशासाठी, असेही मुले विचारतात. इंजिन लहान असते म्हणून. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेल्या मंगळयानाच्या मुख्य इंजिनाचे बल ४४० न्यूटन होते, म्हणजे जमिनीवर साधारण ४५ किलो वजन पेलता येईल एवढे. एक पोते उचलायलाही ते कमी पडले असते. आणि त्याला ढकलायचे होते ते सुरुवातीला सुमारे १,३३७ किलोचे यान. जवळच्या टोकापाशी यान काही मिनिटेच असते, तेवढ्यात जे जमेल ते करायचे आणि बाकीच्यासाठी पुढच्या फेरीची वाट पाहायची. असे करत १ डिसेंबर २०१३ रोजी ते पृथ्वीभोवतीची कक्षा सोडून निघाले. फेऱ्या मारल्या त्या वेग कमवायला नव्हेत, तर पुन्हा पुन्हा त्या जवळच्या जागी यायला.

गोफणीची उपमा योग्य ठरते अशा जागा आहेत, आणि त्या वाचकांना सांगितल्या तर मला फार बरे वाटेल. पहिली श्रीहरिकोटाची. पृथ्वी स्वतःभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे तिथली जमीनच सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने पूर्वेकडे चाललेली असते. पूर्वेकडे सोडलेल्या यानाला हा वेग आयता मिळतो. दुसरी जागा व्हॉयेजर यानांची. १९७७ मध्ये निघालेली ही दोन्ही याने १९७९ मध्ये गुरूजवळून गेली आणि सूर्याच्या संदर्भात त्यांचा वेग वाढला, कारण गुरू स्वतः सूर्याभोवती धावतो आहे. तो स्थिर हात नसून फिरणारे मनगट आहे, आणि यानाला मिळालेली ऊर्जा गुरूच्या गतीतून वजा झाली. गुरू इतका प्रचंड आहे की त्याच्यातला फरक मोजण्यापलीकडचा. पृथ्वीही हे काम करू शकते, पण सूर्याभोवती फिरून तिच्या वाटेत येणाऱ्या यानासाठी. गुरूकडे निघालेले जूनो हे यान ९ ऑक्टोबर २०१३ रोजी असेच पृथ्वीजवळून वेग घेऊन गेले. जे यान पृथ्वीलाच बांधलेले आहे, तिच्याबरोबरच सूर्याभोवती फिरते आहे, त्याला पृथ्वी गोफणीने फेकू शकत नाही.

त्या विधानाचा दुसरा भाग पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या 'बाहेर' पडण्याचा. चंद्र स्वतः पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणामुळेच तिच्याभोवती फिरतो. मग चंद्राकडे जाणारे यान त्या गुरुत्वाकर्षणाबाहेर कसे जाईल? चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून साधारण ६० पृथ्वी-त्रिज्या अंतरावर आहे, म्हणून तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ३,६०० व्या हिश्शाएवढी उरते. झाडावरून सुटलेले फळ पहिल्या सेकंदात ४.९ मीटर खाली येते. चंद्र सरळ रेषा सोडून तेवढाच पृथ्वीकडे वळायला एक मिनिट घेतो. सेकंदाच्या जागी मिनिट म्हणजे वेळ ६० पट, तिचा वर्ग ३,६००. न्यूटनने हीच तुलना केली होती. वर्गात फळ्यावर हे दोन आकडे जुळले की मागच्या बाकावरची मुलेसुद्धा मान वर करत, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. गणिताच्या सोयीसाठी 'प्रभावक्षेत्र', म्हणजे ज्या टापूत मुख्यतः एकाच ग्रहाची ओढ हिशेबात धरायची तो भाग, मानतात हे खरे, पण ती गणिताची मर्यादा आहे, गुरुत्वाकर्षणाची नव्हे.

याच चुकीचे भावंड म्हणजे 'शून्य गुरुत्वाकर्षण'. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर होते, तेव्हा हा शब्द रोज छापून येत होता. ते स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे गुरुत्व त्वरण ८.७ च्या आसपास, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ नव्वद टक्के आहे. स्थानक दर सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे जाते आणि त्याच सेकंदात चार मीटरहून जास्त खाली पडते, पण तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोलावाही जवळजवळ तितकाच वळलेला असतो, म्हणून ते पडत राहते आणि जमिनीला लागत नाही. पाठ्यपुस्तकात यासाठी 'वजनरहित अवस्था' असा नेमका शब्द आहे.

त्या मुलीला मी हे तोंडी सांगितले नाही. प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाशी तापवलेल्या दाभणाने भोक पाडले, पाणी भरले, आणि टोपण न लावता तिला ती गच्चीवरून सोडायला लावली. हातात असताना बारीक धार लागली होती. बाटली सुटताच धार थांबली आणि खाली आपटेपर्यंत पुन्हा आली नाही. गच्ची जेमतेम तीन मीटर उंच, म्हणजे पाऊण सेकंदाचा खेळ. तिने तो सात-आठ वेळा केला.

माझी विनंती एवढीच आहे की अशा मोहिमांचे लेख छापण्यापूर्वी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाला दाखवावेत. आमच्यापैकी कोणीही आनंदाने वाचून देईल. आणि पुढच्या वेळी लंबगोल कक्षांचे चित्र छापाल, तेव्हा इंजिन जिथे चालवले त्या जवळच्या टोकाशी छोटीशी ज्योत काढून वेळ आणि मिनिटे लिहावीत. आपल्या लेखासोबतच्या चित्रात सगळ्या कक्षा होत्या, ज्योत मात्र एकही नव्हती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. मंगळवेढा, जि. सोलापूर